लिहिलं म्हणजे टिकलं असं नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पानावर मागे एक लेख आला होता, लाइट गेली तरी न विसरणारी कॉम्प्युटरची मेमरी असा विषय होता. लेख चांगला होता, सोपा होता. पण शेवटी शेवटी त्यात असं म्हटलं होतं की ही मेमरी आली म्हणजे सेव्ह करायची कटकटच संपली, प्रोग्रामने लिहिलं की ते कायमचं राहिलं. इथे मात्र मला राहवलं नाही. मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधल्या, म्हणजे तिच्या गाभ्यातल्या, कोडवर काम करतो, स्टोरेजचे ड्रायव्हर, फाइल सिस्टिम वगैरे, आणि हे जे "लिहिलं की राहिलं" आहे ना, ह्या एका समजुतीने माझे किती दिवस आणि किती रात्री खाल्ल्या ते मलाच माहीत. म्हणून हे पत्र. लांब झालं तर कापा, पण मधलं कापू नका, कारण खरं सगळं मधेच आहे.

जे बरोबर होतं ते आधी सांगतो. नेहमीची रॅम म्हणजे डीरॅम, लाइट गेली की पाटी कोरी. तुमच्या लेखातली न विसरणारी, म्हणजे पर्सिस्टंट मेमरी रॅमच्याच स्लॉटमध्ये बसते, प्रोसेसर तिला रॅमसारखंच बाइट बाइट वाचतो-लिहितो, डिस्कसारखा ब्लॉकचा व्यवहार मधे नाही, आणि लाइट गेली तरी आतलं तसंच राहतं. ह्यातला एक प्रकार म्हणजे साधी डीरॅमच, पण सोबत फ्लॅश आणि बॅकअप पॉवर दिलेली, लाइट गेली की मॉड्यूल स्वतःच सगळं फ्लॅशमध्ये उतरवून ठेवतं. दुसरा, जास्त गाजलेला प्रकार म्हणजे ऑप्टेन. इंटेल आणि मायक्रॉनने २०१५ च्या जुलैत थ्रीडी क्रॉसपॉइंट जाहीर केलं, मेमरीच्या स्लॉटमध्ये बसणारी ऑप्टेन मॉड्यूल्स २०१९ च्या एप्रिलमध्ये आली, १२८, २५६ आणि ५१२ जीबीची, आणि २०२२ च्या जुलैत इंटेलने हा धंदाच गुंडाळत असल्याचं सांगितलं. हे शेवटचं तुमच्या लेखात नव्हतं. असो, त्यावर पुढे येतो.

आता गोम कुठे आहे बघा. मेमरी विसरत नाही हे खरं, पण जे तिच्यापर्यंत पोचलं तेच ती विसरत नाही. प्रोग्रामने "इथे ५ लिही" म्हटलं की ते ५ सरळ मेमरीत जात नाही, आधी प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या रांगेत जातं, तिला स्टोअर बफर म्हणतात, तिथून कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या छोट्या वेगवान मेमरीत जातं आणि तिथेच बसून राहतं. किती वेळ? काही नेम नाही. मायक्रोसेकंद असेल, दहा मिनिटं असतील, त्या जागेला सतत कोणी हात लावत असेल तर तासभरसुद्धा. कॅश साधा आहे, लाइट गेली की गेला. आणि कॅशमधून मेमरीकडे कधी आणि कुठली ओळ आधी ढकलायची हे प्रोसेसर त्याच्या सोयीने ठरवतो, जागा कमी पडली की काढ एखादी ओळ बाहेर. ओळ म्हणजे कॅश लाइन, बहुतेक प्रोसेसरांत ६४ बाइटची. तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंत त्याचा आणि ज्या क्रमाने ते मेमरीत पोचतं त्याचा काडीचा संबंध नसतो.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घेतो म्हणजे पटेल. समजा पहिल्या पानावर आहे "सविस्तर वृत्त पान ५ वर", आणि पान ५ वर ती बातमी आहे. संपादकाने आधी पान ५ लावलं, मग पान १. पण छपाईयंत्र असं की पानं कुठल्या क्रमाने छापायची ते त्याच्या मर्जीवर, आणि छापता छापता ते मधेच कायमचं बंद पडलं. पान ५ छापून झालं आणि पान १ राहिलं तर फारसं बिघडत नाही, बातमी आहे पण तिच्याकडे बोट दाखवणारं कोणी नाही एवढंच. उलट झालं तर? पहिलं पान ऐटीत सांगतंय पान ५ बघा, आणि पान ५ वर काल-परवाची शिळी बातमी. कोरं असतं तर परवडलं असतं हो, कोरं दिसतं तरी, शिळी बातमी ताजी म्हणून वाचली जाते. आमच्याकडे ह्याला पॉइंटर आधी टिकला, डेटा नंतर टिकायचा होता तो टिकलाच नाही, असं म्हणतात. मराठीत सरळ, आधी कळस मग पाया.

इथे हुशार वाचक म्हणेल की प्रोसेसर तर क्रम पाळतो, इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांवर एका कोअरने, म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्र काम करणाऱ्या एका भागाने, आधी अ लिहिलं मग ब लिहिलं तर दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसतं. दिसतं, बरोबर. पण "दिसणं" आणि "टिकणं" हे दोन वेगळे क्रम आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो, मी तर म्हणेन ह्या विषयात ही एकच गोष्ट नीट समजली तरी अर्धं काम झालं. दुसरा कोअर जे बघतो ते कॅशमधून बघतो, कॅश आपापसात बोलून एकमत ठेवतात, त्यामुळे चालू मशीनवर सगळ्यांना सगळं बरोबर दिसतं, मेमरीत काय पोचलंय ते बघायची वेळ कोणावर येतच नाही. ती वेळ फक्त लाइट गेल्यावर येते, आणि तेव्हा बघणारा एकच असतो, पुन्हा चालू झालेलं मशीन, ज्याचा कॅश रिकामा आहे. आयुष्यभर मल्टिथ्रेडिंग, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणारं कोड, केलेली चांगली चांगली माणसं इथे घसरतात कारण लॉक लावलं, म्हणजे एका वेळी एकालाच हात लावू दिला, की झालं ही त्यांची सवय. लॉक कॅशमधलं भांडण सोडवतं, लाइटशी त्याचं काही देणंघेणं नाही.

माझीच फजिती सांगतो. पर्सिस्टंट मेमरीवर एक गोल फिरणारी नोंदवही बनवली होती, एकामागोमाग एक नोंदी लिहायच्या, शेवटी पोचलं की पुन्हा पहिल्यापासून जुन्यावर नवीन. प्रत्येक नोंद बरोबर ६४ बाइट, एक कॅश लाइन, ती लिहायची, फ्लश करायची म्हणजे मेमरीकडे पाठवायची, मग फेन्स म्हणजे ते होईपर्यंत थांबायचं, मग वहीच्या डोक्यावरचा आकडा एकने वाढवायचा आणि तोही फ्लश करायचा, पुन्हा फेन्स. अगदी पुस्तकी काम. मग पुढे कोणीतरी नोंदीत वेळ साठवायला एक ८ बाइटचं फील्ड वाढवलं, नोंद झाली ७२ बाइट, कप्पा १२८ बाइटचाच होता म्हणून जागा पुरली, कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या. पण फ्लश करणाऱ्या ओळीत ६४ हा आकडा हाताने लिहिलेला होता, तो तसाच राहिला. म्हणजे नोंदीची दुसरी कॅश लाइन कोणी फ्लश करतच नव्हतं. आणि तरी कित्येक महिने सगळं सुरळीत, कारण ती लाइन आज ना उद्या कॅशमधून आपोआप बाहेर पडायचीच, धोका फक्त शेवटच्या काही नोंदींना. रीबूट करून तपासलं तरी बरोबर, कारण रीबूट होता होता मशीन इतकी उलाढाल करतं की राहिलेल्या ओळी मेमरीत जाऊन पडतात. एकदा मात्र चालू लोडमध्ये खरीखुरी पॉवर गेली. वर आल्यावर शेवटच्या काही नोंदींत मजकूर आजचा आणि वेळ मागच्या फेरीची. आम्ही दोन दिवस मॉड्यूल खराब म्हणून हार्डवेअरवाल्यांच्या मागे लागलो होतो, ते बिचारे सांगत होते की मेमरीने जे मिळालं ते इमानदारीत ठेवलंय. आणि खरंच ठेवलं होतं.

मग हे फ्लश आणि फेन्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण लेखात हे शब्दच नव्हते. फ्लश म्हणजे प्रोसेसरला सांगायचं की ही कॅश लाइन मेमरीकडे पाठव. सगळ्यात जुनी सीएलफ्लश नावाची सूचना, पेंटियम ४ च्या काळापासूनची, ती लाइन पाठवते पण कॅशमधून हाकलूनही देते, आणि एकामागे एक रांगेतच चालते म्हणून हळू. मग आली सीएलफ्लशऑप्ट, ही रांगेत थांबत नाही, दहा लाइन एकदम सोडता येतात. मग सीएलडब्ल्यूबी, ही मेमरीत लिहिते पण लाइन कॅशमध्ये राहू देऊ शकते, राहीलच अशी हमी नाही, पण राहिली तर पुढचं वाचन फुकट. ह्या नव्या दोघींचं एकच आहे, त्या सांगून ठेवतात, थांबत नाहीत. थांबायचं काम एसफेन्सचं. फेन्स म्हणजे कुंपण, ह्याच्या अलीकडचं सगळं झाल्याशिवाय पलीकडचं लिहिणं सुरू करू नको. तेव्हा पाठ करायचा मंत्र असा, डेटा लिही, फ्लश कर, फेन्स घाल, मग पॉइंटर लिही, फ्लश कर, फेन्स घाल. मधलं कुंपण विसरलात की वरचं पान ५ झालंच म्हणून समजा. शेवटचं विसरलात तर क्रम बिघडत नाही पण तुम्ही समोरच्याला "झालं" म्हणून सांगून मोकळे होता आणि ते झालेलं नसतं, हेही वाईटच, पैशाच्या व्यवहारात तर जास्तच वाईट. कॅशला बगल देऊन लिहिणाऱ्याही सूचना आहेत, मोठा डेटा कॉपी करायला बऱ्या, पण कुंपण त्यांनाही लागतंच.

फ्लश करून नक्की कुठे पोचलं की "टिकलं" म्हणायचं, हा वेगळाच तमाशा आहे. प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरची स्वतःची एक रांग असते, कॅशमधून निघालेलं त्या रांगेत थांबतं आणि मग मॉड्यूलमध्ये जातं. म्हणून इंटेलने २०१४ मध्ये पीकमिट नावाची आणखी एक सूचना आणायचं ठरवलं, रांगेतलं सगळं मेमरीत गेलं याची खात्री करणारी. कर्नलमध्ये तिच्यासाठी कोडसुद्धा लिहून झालं. आणि मग २०१६ मध्ये, ती असलेला एकही प्रोसेसर बाजारात यायच्या आधीच, ती रद्द केली. कारण असं की एडीआर नावाची सोय सगळ्या अशा मशीनला सक्तीची करायचं ठरलं, त्यात लाइट गेल्याचा इशारा मिळताच पॉवर सप्लायमध्ये उरलेल्या शेवटच्या ऊर्जेवर कंट्रोलरची रांग मेमरीत रिकामी केली जाते. म्हणजे टिकाऊपणाची हद्द अलीकडे सरकली, रांगेत पोचलं की टिकलं. लिहिलेलं कोड पुसायला लागलं पण मला हा निर्णय फार आवडतो, प्रोग्रामरच्या डोक्यावरचं एक ओझं हार्डवेअरने स्वतःकडे घेतलं, असं फार वेळा होत नाही. पुढे २०२१ च्या तिसऱ्या पिढीच्या झिऑन प्रोसेसरांबरोबर ईएडीआर आलं, त्यात हद्द आणखी सरकून अख्खा कॅशच आत आला, लाइट गेली की कॅशसुद्धा मेमरीत ओतायचा, त्यासाठी जास्तीची बॅटरी वगैरे लागते. तिथे फ्लशची गरज संपते. कुंपणाची पूर्ण संपत नाही, कारण स्टोअर बफर अजून हद्दीच्या बाहेरच आहे आणि कॅशला बगल देणारं लिखाणही.

आणि समजा सगळी सोय झाली, फ्लशही नको नि काही नको, तरी एक गोष्ट राहतेच. ह्या प्रोसेसरांवर एकसंध टिकण्याची खात्री फक्त ८ बाइटची, तीही पत्ता नीट ८ च्या पटीत असेल तर. त्याहून मोठं काहीही अर्धवट राहू शकतं. डिस्कच्या जमान्यात लोकांना सवय होती की सेक्टर ५१२ बाइटचा असो की ४०९६ चा, एक तर जुना राहतो नाही तर नवा, अर्धा जुना अर्धा नवा शक्यतो होत नाही, आणि कित्येक प्रोग्राम हे गृहीत धरून लिहिलेत. म्हणून लिनक्समध्ये बीटीटी नावाचा एक थर आहे, तो नवा सेक्टर वेगळ्या मोकळ्या जागी लिहितो आणि मग फक्त नकाशातली नोंद बदलतो. जर्नल म्हणजे बदल आधी वेगळ्या वहीत नोंदवणं काय, कॉपी-ऑन-राइट म्हणजे जुनं न खोडता नवी प्रत लिहिणं काय, सगळ्यांची युक्ती शेवटी हीच, कितीही मोठा बदल असला तरी तो ८ बाइटच्या एका टिचकीवर आणून ठेवायचा आणि त्या टिचकीच्या आधी बाकी सगळं टिकलेलं असलं पाहिजे. म्हणजे पुन्हा क्रम.

कर्नलचं म्हणाल तर त्याला हा धडा नवीन नव्हता, डिस्कनेच शिकवला होता. डिस्कच्या आत कॅश असतो, तो लिखाणाचा क्रम बदलतो, म्हणून लिनक्समध्ये पूर्वी ब्लॉक थरात बॅरियर असायचे, ह्या रिक्वेस्टच्या आधीचं आधी आणि नंतरचं नंतर. ते जड पडायला लागले, २०११ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.३७ मध्ये ते काढून टाकले आणि ठरलं असं की क्रम फाइल सिस्टिमने स्वतः थांबून पाळायचा, खाली फक्त दोन गोष्टी मागायच्या, तुझा कॅश रिकामा कर किंवा हे एक लिखाण पक्कं करूनच परत ये. पर्सिस्टंट मेमरीचा ड्रायव्हर ह्याच साच्यात बसवला. फाइल सिस्टिमने ब्लॉक लिहायला दिला की ड्रायव्हर साधी कॉपी करत नाही, कॅशमध्ये मागे काही उरणार नाही अशी कॉपी करतो, आणि "कॅश रिकामा कर" आलं की कुंपण घालतो. जर्नल लिहिणाऱ्या फाइल सिस्टिमला खाली डिस्क आहे की मेमरी, कळतही नाही. सुरेख जमलंय ते.

पण जमलं ते जुन्या पद्धतीच्या वापरासाठी. ह्या मेमरीची खरी मजा थेट वापरण्यात आहे, फाइल प्रोग्रामच्या पत्त्यांमध्ये जोडून द्यायची आणि मधे पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या कर्नलच्या साठ्यात, नक्कल न करता प्रोग्रामने सरळ मेमरीत लिहायचं. ह्याला डॅक्स म्हणतात, २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये एक्स्ट४ साठी आलं, विंडोजमध्येही सर्व्हर २०१६ पासून आहे. आता गंमत बघा, प्रोग्राम सरळ लिहितोय म्हणजे कर्नलला पत्ताच नाही काय लिहिलं ते. मग एफसिंक, म्हणजे ही फाइल पक्की कर अशी मागणी, आल्यावर कर्नल फ्लश काय करणार? म्हणून कर्नल पानावर पहिल्यांदा लिहिलं जातं तेव्हाच्या फॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो तेव्हा, खूण करून ठेवतो की हे पान मळलं, आणि एफसिंक आलं की मळलेल्या पानांच्या सगळ्या कॅश लाइन पाठवतो, मग प्रोग्रामने त्यात ८ बाइट का लिहिले असेनात. साहजिकच लोकांना वाटलं एवढं कशाला, आम्हीच सीएलडब्ल्यूबी आणि एसफेन्स मारतो, कर्नलकडे जायचंच कशाला.

इथे फाइल सिस्टिमचा खड्डा होता आणि त्यावर काही वर्षं वाद चालला. तुम्ही फाइलच्या एका नव्या भागात लिहिलंत, तुमचा डेटा तुम्ही नीट फ्लश केलात, तो मेमरीत अगदी सुखरूप आहे. पण तो ब्लॉक ह्या फाइलचा आहे ही नोंद फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये अजून पक्की झालेलीच नाही. लाइट गेली. डेटा आहे, पण तो कुणाचा हे सांगणारं कोणी नाही, पुढच्या वेळी तो ब्लॉक मोकळा समजून दुसऱ्याला जाणार. मघाशी पान ५ शिळं होतं, आता पान ५ छापलंय आणि अंकात बांधलंच नाही. उपाय म्हणून लिनक्स ४.१५ मध्ये, म्हणजे २०१८ च्या जानेवारीत, मॅप-सिंक नावाचा फ्लॅग आला, तो लावला की पानावर पहिल्यांदा लिहू द्यायच्या आधी कर्नल फाइलच्या नोंदी जर्नलमध्ये पक्क्या करतो, मग तुमचं तुम्ही फ्लश करा. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र बारीकशी आहे. जुनं एममॅप, म्हणजे फाइल अशी पत्त्यांमध्ये जोडून मागायची हाक, अनोळखी फ्लॅग दिसला की चुपचाप दुर्लक्ष करायचं. म्हणजे जुन्या कर्नलवर तुम्ही मॅप-सिंक मागितलं असतं तर "हो" आलं असतं आणि हमी काहीच मिळाली नसती. म्हणून मॅपिंगचा एक नवा प्रकारच काढला, जो अनोळखी फ्लॅग आला की सरळ "नाही जमत" म्हणून परत पाठवतो. टिकाऊपणाच्या धंद्यात खोट्या होकारापेक्षा स्पष्ट नकार कधीही बरा.

व्हर्च्युअल मशीनमध्येही, म्हणजे एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या मशीनमध्येही, हेच. आतल्या मशीनला वाटतं आपल्याकडे पर्सिस्टंट मेमरी आहे, प्रत्यक्षात बाहेर ती साध्या डिस्कवरची एक फाइल असते आणि मधे बाहेरच्या कर्नलची पेज कॅश, म्हणजे साधी डीरॅम. आत बसून तुम्ही सीएलडब्ल्यूबी कितीही वेळा मारा, ते फार तर त्या डीरॅमपर्यंत जाणार. २०१९ मध्ये लिनक्स ५.३ मध्ये व्हर्टआयओ-पीमेम आलं, त्यात आतला एफसिंक बाहेर कळवला जातो आणि बाहेर खरा एफसिंक होतो, आणि मॅप-सिंक मागितलं तर तिथे नकार मिळतो. पुन्हा तोच प्रामाणिक नकार.

हे सगळं मी इंटेलच्या भाषेत सांगितलं, पण प्रत्येक प्रोसेसरची तऱ्हा वेगळी. आर्मच्या प्रोसेसरांवर ८.२ ह्या आवृत्तीपासून टिकाऊपणाच्या ठिकाणापर्यंत कॅश साफ करायची वेगळी सूचना आहे, आयबीएमच्या पॉवर नावाच्या प्रोसेसरवर तर कुंपणही वेगळ्या जातीचं, नेहमीचं चालत नाही. म्हणून कर्नलमध्ये थेट सूचना न लिहिता "पीमेमसाठी (पर्सिस्टंट मेमरीसाठी) लिखाणाचं कुंपण" अशा अर्थाचं वेगळं फंक्शन ठेवलंय, इंटेलवर ते नेहमीच्या कुंपणासारखंच निघतं, पॉवरवर वेगळं. कोणी म्हणेल नाव वेगळं ठेवून काय मिळालं, तर नेमकं हे, वाचणाऱ्याला कळतं की हे कुंपण दिसण्यासाठी नाही, टिकण्यासाठी आहे.

तपासायचं कसं हा माझा सगळ्यात दुखरा भाग. दोन कुंपणांच्या मधे तुम्ही दहा वेगवेगळ्या कॅश लाइन लिहिल्या तर लाइट जाण्याच्या क्षणी प्रत्येक लाइन पोचलेली असेल किंवा नसेल, म्हणजे १०२४ शक्यता. वीस लिहिल्या तर दहा लाखांच्या वर. प्लग खेचून तपासणार तरी किती वेळा? इंटेलच्याच लोकांनी २०१४ मध्ये याट नावाचं साधन मांडलं होतं, ते लिखाणांची नोंद घेऊन वेगवेगळे संभाव्य क्रम लावून बघतं आणि प्रत्येक वेळी फाइल सिस्टिम शाबूत आहे का तपासतं, पण संख्या फुगली की तिथेही निवडूनच बघावं लागतं. व्हॅलग्राइंड ह्या प्रोग्राम तपासायच्या साधनावर चालणारं पीमेमचेक आहे, ते लिहिलं पण फ्लश नाही केलं असं काही राहिलं तर ओरडतं, माझी ७२ बाइटची भानगड त्याने पहिल्याच मिनिटाला दाखवली असती. चालवलं नव्हतं. का नव्हतं, तर टेस्ट पास होत होत्या म्हणून.

एकदा असं पोळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो. आमच्याकडेही झालं, प्रत्येक लिखाणामागे फ्लश, प्रत्येक फ्लशमागे फेन्स, वेग इतका पडला की त्यापेक्षा चांगली एसएसडी लावली असती तर बरं. ऑप्टेन आतून २५६ बाइटच्या तुकड्यांत लिहायचं, तुम्ही विखुरलेले ६४-६४ बाइट पाठवलेत की आत प्रत्येक वेळी अख्खा तुकडा वाचून पुन्हा लिहायची पाळी. आणि एवढं करून क्रम बरोबर आला होता का, तर एका ठिकाणी नव्हताच, कारण पॉइंटर अजूनही डेटाच्या आधी लिहिला जात होता, फक्त दोन्ही मनापासून फ्लश होत होते. फ्लशची संख्या वाढवून क्रम येत नाही. कशाच्या आधी काय टिकायला हवं ते कागदावर काढायचं, जे एकमेकांवर अवलंबून नाही ते सगळं एकदम फ्लश करायचं आणि कुंपण जिथे खरंच अवलंबन आहे तिथेच. आमच्या वहीत एका नोंदीला दोन कुंपणं होती, दहा नोंदींचा गठ्ठा केला तरी दोनच पुरली.

यूपीएस लावला की झालं ना, असंही विचारतात. यूपीएस लाइट जाण्यापासून वाचवतो, मशीन अडकून कोणी पॉवरचं बटण दाबून धरलं तर, किंवा पॉवर सप्लायच जळाला तर, त्यापासून नाही.

आणि ऑप्टेनच बंद झालं तर हे आता कशाला, असं तुमच्या मनात येईल म्हणून सांगतो. बॅकअप पॉवरवाली मॉड्यूल्स आहेतच. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या सीएक्सएल २.० ह्या, प्रोसेसरला मेमरी आणि उपकरणं जोडायच्या मानकात केबलपलीकडच्या मेमरीसाठीसुद्धा टिकाऊपणाचा विचार केलाय, पॉवर जाताना सगळ्या कॅशना आणि उपकरणांना एकदम "ओता" म्हणून सांगायची सोय त्यात आहे, म्हणजे हद्द आता एका डब्याच्या बाहेर गेली. आणि साध्या डिस्कवरही प्रश्न हाच आहे, मॅकवर तर एफसिंक डिस्कच्या आतला कॅश रिकामा करतच नाही, त्यासाठी वेगळी, पूर्ण एफसिंकची मागणी करावी लागते, हे अॅपलच्या स्वतःच्या माहितीत लिहिलेलं आहे आणि तरी किती जणांना माहीत असतं?

तेव्हा विनंती एवढीच की त्या लेखातलं "प्रोग्रामने लिहिलं की कायमचं राहिलं" हे वाक्य पुढच्या वेळी "प्रोग्रामने लिहिलं, पाठवलं आणि पोचेपर्यंत थांबला तर राहिलं" असं करा. थोडं लांब होतं, मान्य आहे. हल्ली कॉलेजातली मुलं अशा लेखांवरून प्रोजेक्ट करतात, त्यातलं कोणी उद्या माझ्या शेजारी बसून कोड लिहिणार आहे.

आपला,
कर्नलमध्ये काम करणारा एक वाचक

ता. क. पत्र पाठवायच्या आधी एका सहकाऱ्याला वाचायला दिलं. तो म्हणाला, बाकी ठीक आहे, पण नोंदीत ते ८ बाइटचं फील्ड "कोणीतरी" वाढवलं असं काय लिहिलंय, नाव लिही की. तर ते मीच वाढवलं होतं. ६४ हा आकडाही माझाच होता.